परवलीचा शब्द

गणपती बसले त्या दिवशी सकाळी माझा फोन धुण्याच्या बादलीत पडला. २०२५ च्या भाद्रपदातली ही गोष्ट. कमरेला खोचलेला फोन वाकताना कधी सुटला ते कळलंच नाही. सोड्याच्या पाण्यात धुण्याबरोबर तोही भिजत पडला होता. काढला, पुसला, कुणीतरी सांगितलं म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. तांदळानं फोन वाळतो ही समजूत खरी नाही, उलट तांदळाची पूड त्याच्या भोकांत जाऊन बसते, हे पाटणच्या दुकानदारानं नंतर सांगितलं. तोवर फोनही गेला होता नि ते तांदूळ खायलाही जीव होईना.

तिसऱ्या दिवशी आमचे हे पाटणला जाऊन आठ हजारांचा नवा फोन घेऊन आले. कार्ड घातलं, फोन उजळला, आमच्या घरच्या वायफायचं नाव वर आलं. त्यावर बोट ठेवलं तर त्यानं पासवर्ड विचारला. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. तो आम्हा दोघांनाही माहीत नव्हता.

शहरातल्या माणसाला वाटेल, यात एवढं काय? पण आमची वाडी कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटात आहे. मोबाईलची रेंज धरायची तर वर खिंडीत जावं लागतं, आणि तिथंही ती बोलण्यापुरतीच. २०२१ साली, करोनामुळं शाळा फोनवर आली होती तेव्हा, एका केबलवाल्यानं खांबांवरून वाडीत तार आणली. ती तार घरातल्या एका लहानशा डब्यात येते. त्याला राऊटर म्हणतात. आमचे हे अजून ‘डबा’च म्हणतात. त्या डब्यातून लाटा निघतात आणि फोन त्या धरतो. रेडिओसारखंच म्हणा ना. रेडिओ मात्र कुणीही लावावा. इथं आधी परवलीचा शब्द सांगावा लागतो, नाहीतर सारी आळी आपल्या पैशानं सिनेमे बघत बसेल.

हे सगळं जोडलं होतं माझ्या पुतण्यानं. तेव्हा तो बारावीला होता. केबलवाल्याच्या शेजारी उभं राहून त्यानं सगळं शिकून घेतलं, शब्द ठरवला आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनांत स्वतःच्या हातानं घातला. मला विचारायची गरजच पडली नाही. फोन एकदा ओळख धरून बसला की रोज आपला आपण जोडतो. तो शब्द काय आहे, हे चार वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आता अडलं होतं कुठं, ते सांगते. ई-पीक पाहणी राहिली होती. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः फोनवरून करायची असते, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. शेतात पिकाजवळ उभं राहून फोटो काढायचा आणि पाठवायचा, मग सातबाऱ्यावर पीक चढतं. ते चढलं नाही तर हमीभावानं सोयाबीन घालायला गेल्यावर अडवतात, नुकसानभरपाईच्या वेळी अडवतात. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता आणि आमचं दीड एकर सोयाबीन उभं होतं. आपल्याच्यानं झालं नाही तर मागाहून गावचा सहायक येऊन करतो, पण एका माणसाच्या मागं किती शेतं! मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच होती. पुढं ती वाढली, पण ते आम्हाला तेव्हा काय माहीत? नव्या फोनात ते ॲपच नव्हतं, आणि ते उतरवून घ्यायलाच नेट पाहिजे. खिंडीत दोन तास बसून पाहिलं, चाक नुसतं फिरत राहिलं.

दुसरं कारण माझं एकटीचं होतं. लेक सातारला दिलेली आहे, तिला तेव्हा आठवा लागला होता. रोज दिवेलागणीला ती फोनवर तोंड दाखवायची. तिच्या पायांवर सूज आहे का ते मी बघायची. पाच दिवस ते बंद होतं, आणि ह्यांच्या बटणाच्या फोनवर खिंडीतून नुसता आवाज ऐकून माझं समाधान होत नव्हतं.

मग पुतण्याला विचारायचं सोडून आम्ही काय करत होतो, असं तुम्ही म्हणाल. तिथंच खरी गोम आहे.

आमचं घर मामंजींनी ६८ साली बांधलं. त्याआधीचं दगडमातीचं घर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात पडलं होतं. दोन्ही मुलगे नांदतील या हिशेबानं त्यांनी ते ऐसपैस बांधलं, आणि नांदलेही. मी थोरली जाऊ, ती धाकटी. एकवीस वर्षं एका चुलीवर आम्ही भाकरी थापल्या. २०२३ च्या उन्हाळ्यात वाटणी झाली. माजघराच्या मधोमध विटांची भिंत आली. राऊटर आमच्या बाजूला राहिला, कारण तारच त्या खिडकीतून आलेली. आणि चंद्री त्यांच्या बाजूला गेली.

चंद्री म्हणजे म्हैस. कपाळावर पांढरा चांद आहे म्हणून चंद्री. तिची आई ती चार दिवसांची असताना गेली. दुधात बोटं बुडवून मी तिला चोखायला शिकवलं होतं. वाटणीत जनावरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चंद्रीची चिठ्ठी भाऊजींच्या नावानं निघाली. चिठ्ठी ती चिठ्ठी, कुणाचा दोष नाही. पण जाऊ दावं सोडायला आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “न्या, पण माझ्या हातची वाढलेली हाय ती. तुमच्या दावणीला तिचं बरं व्हायचं न्हाई.”

त्याच वर्षी चंद्री व्याली आणि रेडकू दुसऱ्या दिवशी मेलं.

त्यानंतर जाऊ माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. माझा शब्द लागला असं तिनं पाणवठ्यावर चारचौघींत म्हटल्याचं माझ्या कानावर आलं, आणि मग माझंही डोकं फिरलं. पुतण्या पिंपरीला कंपनीत लागला होता. त्याचा नंबर माझ्या भिजलेल्या फोनात होता आणि नवा मागायचा तर भिंतीपलीकडं जायला हवं.

म्हणून आधी आम्ही दुसरे सगळे उपाय करून पाहिले. डब्याच्या बुडाला एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर बारीक अक्षरांत त्याचा मूळचा पासवर्ड छापलेला असतो. भिंग लावून तो वाचला, फोनात घातला, नाही म्हणाला. पुतण्यानं तो पहिल्याच दिवशी बदललेला. मग अंदाज बांधायला बसलो. ज्योतिबा घालून पाहिला, कुलस्वामिनी घालून पाहिली, लेकीचं नाव, पुतण्याचं नाव, पुढं जन्मसालं, सगळं झालं. इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात, पण लहान नि मोठं अक्षर वेगळं धरतात हे माहीत नव्हतं. म्हणजे एकेक नाव किती तऱ्हांनी चुकू शकतं बघा! रात्री अकरापर्यंत आम्ही नवराबायको देवादिकांची नावं घेत बसलो होतो. एवढं नामस्मरण एरवी कधी झालं नसेल.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळा सुटल्यावर गुरुजींना घरी बोलावलं. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि दोन वाटा सांगितल्या.

पहिली सोपी. डब्याच्या मागं टाचणी जाईल एवढं एक छिद्र असतं. त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरली की डबा कोरा होतो, कारखान्यातून आला तसा. मग बुडाचा छापील शब्द चालू लागतो. “पण काकू,” गुरुजी म्हणाले, “डबा कोरा झाला म्हणजे केबलवाल्यानं त्यात घातलेली त्याच्या लाइनीची खूणही पुसली जाऊ शकते. मग तो येऊन पुन्हा घालेस्तोवर नेट बंद. आणि आता जेवढे फोन यावर लागताहेत ते सगळे तुटतील.”

दुसरी वाट अशी, की आधीपासून जोडलेला एखादा फोन शोधायचा. ॲन्ड्रॉईडच्या दहाव्या आवृत्तीपासूनच्या, म्हणजे २०१९ नंतर आलेल्या फोनांत, सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर गेलं की ‘शेअर’ असं येतं. ते दाबून फोनाचं स्वतःचं कुलूप उघडलं की काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसतो. नव्या फोननं त्याचा फोटो धरला की काही टाइप न करताच तो जोडला जातो. पुष्कळ फोनांत चौकोनाखाली पासवर्ड लिहिलेलाही असतो. आयफोनात २०२२ च्या आवृत्तीपासून तो वाचता येतो, आणि कुणाच्या घरी संगणक जोडलेला असेल तर त्यातूनही निघतो.

“घरात आणखी कुणाचा फोन आहे?” गुरुजींनी विचारलं. ह्यांचा बटणाचा. लेकीचा जुना होता, तो तिनं दिवाळीत बदलला. तिला शब्द आठवत नव्हता. आम्ही दोघं गप्प बसलो. गुरुजींनी भिंतीकडं पाहिलं, पण शहाणा माणूस, बोलले काही नाहीत.

ते गेल्यावर हे म्हणाले, “टाचणी आण. तिकडचेही दोन वर्षं फुकट बघत असतील, त्यांचंही तुटंल.”

खरं सांगते, तोवर ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण आलं आणि गोड वाटलं. विटांच्या भिंतीत त्या लाटा थोड्या मंदावतात, अडत नाहीत. जाऊच्या फोनात २०२१ मध्येच शब्द घातलेला. म्हणजे भिंत झाली, बोलणं थांबलं, हळदीकुंकू थांबलं, पण तिचा फोन आमच्या डब्याला रोज विचारत होता आणि डबा त्याला आत घेत होता. महिन्याचे चारशे रुपये आम्ही भरत होतो.

मी टाचणी आणली. छिद्रावर टेकवलीसुद्धा. दाबली नाही, ती माझ्या मनाच्या मोठेपणामुळं असं कुणी समजू नये. केबलवाला सणात आठ दिवस येणार नाही एवढंच मी पाहिलं. आठ दिवस थांबले तर मुदत अंगावर येणार. टाचणी पदराला टोचून ठेवली आणि बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. आमच्याकडं मुखवट्यांच्या गौरी, ज्येष्ठा नि कनिष्ठा. एकवीस वर्षं ज्येष्ठा माझ्या हातांत नि कनिष्ठा जावेच्या, अशा आम्ही त्या घरात आणल्या. गेली दोन वर्षं मी एकदा ज्येष्ठेला घेऊन यायची, ठेवायची, आणि पुन्हा बाहेर जाऊन कनिष्ठेला आणायची. डाळ निवडायला घेतली होती, ती तशीच ठेवली, चपला घातल्या आणि बाहेरून वळसा घालून त्यांच्या दारात गेले. आतून पूर्वी सात पावलं होती.

जाऊ चुलीपुढं होती. मला बघून उठून उभी राहिली. “अक्का?” एवढंच म्हणाली.

मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, “तुझ्या फोनात आपलं वायफाय लागतंय का गं?”

तिचा चेहरा एकदम उतरला. मी काय विचारतेय याचा तिनं भलताच अर्थ घेतला, आणि तिचं तरी काय चुकलं? “आपोआप लागतंय अक्का,” ती म्हणाली, “मी काय चोरून घेतलं न्हाई. पोरगा तिकडं एकटा असतोय, रातच्याला बघायला मिळतोय म्हणून बंद केलं न्हाई एवढंच. चार दिवस तुमची लाईट गेली होती तवा हिकडंबी बंद पडलं, तवाच कळलं मला, कुणाचं लागतंय ते. किती व्हत्यात ते पैसं सांगा, मी देते.”

मी टाचणीवर हात ठेवून उभी होते. म्हटलं, “भांडायला न्हाई आले. मला पासवर्ड पायजे. माझा फोन गेला.” आणि मग लेकीचं सांगितलं, तिला आठवा लागलाय, पाच दिवस तोंड दिसलं नाही. ते सांगायचं ठरवून गेले नव्हते.

ती काही न बोलता फोन घेऊन आली. गुरुजींनी सांगितलं होतं तसं आम्ही सेटिंगमध्ये गेलो. पण तिचा फोन जुन्या बांधणीचा, पुतण्याचाच वापरून झालेला. जोडलेलं दिसत होतं, पण शेअर म्हणून काही येत नव्हतं. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके. एवढ्या जवळ येऊन ते ठिपके बघताना मला हसूच आलं, आणि तीही हसली.

“त्यालाच इचारू,” ती म्हणाली आणि तिनं पिंपरीला व्हिडिओ लावला. आमच्याच डब्यातून. पुतण्या पडद्यावर आला, आईच्या खांद्यामागं मी दिसले तेव्हा दोन क्षण त्याला बोलता येईना. “मोठी आई, बरी हायस ना?” मग म्हणाला, “पासवर्ड व्हय? चंद्री.”

मी काहीच बोलले नाही. देव, माणसं, गावं सगळी नावं घेऊन झाली होती, हे एक सोडून.

“आठ अक्षरं तरी लागत्यात,” तो सांगत होता, “त्याच्या कमी चालत न्हाईत. इंग्रजीत चंद्री लिहिलं की सात व्हत्यात. म्हणून पुढं आकडे घातले. त्याच दिवशी डॉक्टर येऊन तिच्या कानाला बिल्ला मारून गेले व्हते, त्यातले शेवटचे चार. आता ते काय ध्यानात न्हाईत. बिल्ला बघा की.”

हा बिल्ला आता तुमच्याही जनावरांच्या कानात असेल, पिवळा, त्यावर बारा आकडी नंबर. लाळ-खुरकुताची लस द्यायला आले की मारतात. आमचा परवलीचा शब्द चार वर्षं म्हशीच्या कानात लोंबकळत होता, आणि म्हैस भिंतीपलीकडं बांधलेली!

आम्ही दोघी बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो. दोन वर्षांनी मी चंद्रीसमोर उभी होते. जनावर ओळखतं असं म्हणतात. तिनं माझ्या हाताचा वास घेतला आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. मला जरा वाईटच वाटलं. बिल्ल्यावर शेण वाळून बसलं होतं. जावेनं तिचा कान धरला, मी पदराचं टोक ओलं करून पुसला. तीन की आठ ते कळेना. “आठ हाय,” मी म्हटलं. “तीन हाय अक्का, तुमचा चष्मा न्हाई,” ती म्हणाली. तीनच होता.

कान सोडताना ती खाली बघून म्हणाली, “रेडकू माझ्याच हलगर्जीनं गेलं. चीक येळेवर पाजायला पायजे व्हता. रातभर थांबले मी. तुमच्यावर घातलं, माझ्यावर नको म्हणून.”

व्यालेल्या म्हशीचा चीक पहिल्या एक-दोन तासांत रेडकाच्या पोटात जायला हवा, हे मला पाठ होतं. एकवीस वर्षं गोठा मीच बघत होते, तिला कधी बघू दिला नव्हता. आणि त्या रात्री भिंतीपलीकडं म्हैस हंबरत होती ती मी ऐकली होती. मी उठले नव्हते. हे मी तिला गोठ्यात सांगितलं नाही. गौरीजेवणाच्या रात्री भांडी घासताना सांगितलं.

पासवर्ड पहिल्यांदा घातला तेव्हा लागला नाही. मी नाव म्हणून पहिलं अक्षर मोठं घातलं होतं. सगळी लहान घातली आणि लागला. लेक पडद्यावर आली तेव्हा जाऊ माझ्या मागंच उभी होती. पायांवर सूज होती थोडी. जाऊ म्हणाली, उशी घे पायाखाली. सोमवारी गौरी पुजल्या, मंगळवारी बोळवल्या, बुधवारी ह्यांनी नि भाऊजींनी आपापल्या शेतात उभं राहून आपापले फोटो काढले आणि संध्याकाळी माझ्या ओसरीवर बसून पाठवले. एकमेकांशी बोलले फार नाहीत. भाऊजींचं सोयाबीन जास्त चांगलं आहे असं मात्र हे दोनदा म्हणाले.

सगळं गोड झालं असं नाही. भिंत तशीच आहे. विहिरीच्या पाळीवरून माघातच दोघा भावांची पुन्हा कुरबूर झाली. जाऊ महिन्याला दोनशे रुपये आणून देते. मी नको म्हणत नाही, कारण नको म्हटलं तर ती फोन बंद करून बसेल. चंद्री पुन्हा व्यायला झाली आहे. या खेपेला मला रात्री उठवायचं असं ठरलं आहे, मी तिकडच्या दाराला जास्तीची एक चप्पलही ठेवली आहे.

आणि हो, इतकं सगळं इथं लिहून टाकल्यावर तो पासवर्ड ठेवून कसं चालेल? पुतण्या शिमग्याला आला तेव्हा त्याच्याकडून बदलून घेतला. नवा शब्द लांब आहे, त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो म्हणे. माझ्याकडं तो फडताळाच्या दाराला आतून खडूनं लिहिला आहे, आणि जावेकडं मिसळणाच्या डब्याच्या झाकणाखाली.